होबाईचा पहिला नकार

तिचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं. बाकी सगळीकडे ती होबाई. हे नाव थोरल्या भावाने ठेवलेलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कारण कुणी काही काम सांगायला तोंड उघडलं, की वाक्य पुरं व्हायच्या आत ही "हो" म्हणून मोकळी. चर्चच्या गायनवृंदात ही, रविवारच्या शाळेत पोरांना गोष्टी सांगायला ही, आजाऱ्यांच्या भेटीला निघालेल्या बायकांबरोबर ही, आणि सभेनंतर खुर्च्या उचलायलाही हीच. नर्सिंग कॉलेजात मात्र असून नसल्यासारखी. एक ना धड, भाराभर चिंध्या.

गेल्या वर्षी ती फिजिओलॉजीत तीन गुणांनी आपटली. पेपर फार कठीण होता, असं घरी सांगितलं. नाचता येईना, अंगण वाकडं. खरी गोष्ट अशी, की परीक्षेच्या आधीचे चार दिवस ती रविवारच्या शाळेसाठी नोहाच्या तारवातले प्राणी पुठ्ठ्यातून कापत बसली होती. जोडीजोडीने चाळीस प्राणी. जिराफांच्या माना सारख्या लुळ्या पडायच्या, आणि त्या गोंद लावून ताठ करता करता हृदय, यकृत आणि मूत्रपिंड तिन्ही राहून गेली.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असा तिचा पण होता. परीक्षेला बारा दिवस उरले तेव्हा तिने वेळापत्रक केलं. चार रंगांची पेनं, मोजपट्टी, कोपऱ्यात बायबलमधलं छोटंसं वचन. वेळापत्रक इतकं देखणं झालं की त्यात दोन दिवस गेले. उरले दहा.

घरी बसावं, तर पुढच्या खोलीत आईचं इस्त्रीचं दुकान. "अगं, त्या पांढऱ्या शर्टाचं बटण बघ कुठे पडलं. अगं, ही चादर एका टोकाला धर." आई हाक मारायची ती सवयीने, आणि ही उठायची ती आनंदाने. मधल्या वेळात पुस्तक उघडून प्रार्थना. प्रार्थनेत मामाचा गुडघा यायचा, शेजारणीचं हरवलेलं मांजर यायचं, प्रवासाला गेलेले सगळे यायचे, पेपर तपासणारे अनोळखी शिक्षकसुद्धा यायचे. आमेन म्हणेपर्यंत कपाळ पानावर टेकलेलं असायचं आणि डोळा लागलेला असायचा. भाऊ म्हणाला, "हिचं डोकं पुस्तकात असतं हे खरंय. फक्त बाहेरून."

शेवटी तिने ठरवलं, चर्चमध्ये जाऊन अभ्यास करायचा. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. चर्चच्या किल्ल्या मावशींकडे. मावशी म्हणजे झाडलोट, दिवे, खिडक्या, सगळं सांभाळणाऱ्या बाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजकं आणि तिखट. त्यांनी होबाईला मधल्या बाकावर बसवलं, फोन मागून घेऊन स्वतःच्या कमरेला खोचला आणि त्या अंगणात पानं गोळा करायला गेल्या.

दोन तासांनी आत येऊन बघतात, तर प्रत्येक बाकावरची गीतपुस्तकं एका रेषेत. मेणबत्त्यांच्या पितळी बैठका लखलखीत. कपाटातली जुनी पत्रकं तारखेनुसार लावलेली. आणि फिजिओलॉजीचं पुस्तक ज्या पानावर उघडं होतं त्याच पानावर, वर धूळ पुसायचं फडकं.

"तू अभ्यासाला आलीस की माझं काम काढून घ्यायला?" मावशींनी विचारलं.

"मावशी, समोर दिसलं म्हणून जरा..."

"पुस्तकही समोरच होतं."

मावशींनी बादली आणली, पोछा भिजवला आणि त्या बाकांच्या पहिल्या रांगेशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे बघ. एकूण चौदा रांगा. एका रांगेला एक धडा. तू वाचायचं, मग मला समजावून सांगायचं. मला कळलं तर मी पुढे सरकणार. नाही कळलं, तर इथेच उभी. आणि माझे पाय दुखतात, हे तुला माहीत आहे."

पहिल्या रांगेला मूत्रपिंड आलं. होबाईने पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"हे तू पुस्तकाला सांगितलंस. मला सांग."

"म्हणजे... रक्तातली घाण गाळून टाकणारी चाळणी."

"चाळणी कशी? आपल्या अंगातलं पाणी मग सगळंच खाली गेलं असतं की."

होबाईचं घोडं इथेच अडलं. तिने पुस्तक पुन्हा काढलं, तीन वेळा वाचलं, आणि पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं, की आधी भरपूर गाळलं जातं आणि मग कामाचं पाणी शरीर परत ओढून घेतं. तिने तसं सांगितलं. मावशींनी विचार केला. "म्हणजे आधी सगळं सामान बाहेर काढायचं आणि मग हवं तेवढं आत घ्यायचं. मी कपाट असंच आवरते." आणि पोछा पुढे सरकला. त्या दुपारी अडीच रांगा झाल्या.

चौथ्या दिवशी, यकृताची रांग चालू असताना, गायनमास्तर आले. शनिवारी एक लग्न होतं, दोन गाणी बसवायची होती, रोज संध्याकाळी सराव. "तू आहेसच," ते म्हणाले. त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

होबाईचे ओठ सवयीने गोल झाले. मावशींनी पोछा पिळायचा थांबवला. बादलीत थेंब पडत होते तेवढाच आवाज.

"ह... नाही जमणार, मास्तर," ती म्हणाली. "परीक्षा आहे."

तिला वाटलं, मास्तर नाराज होतील, आग्रह करतील, लग्नच पुढे ढकलावं लागेल. मास्तर म्हणाले, "बरं. मग टपालवाल्याच्या मुलीला विचारतो," आणि छत्री उचलून चालू लागले. दाराशी वळून "नीट अभ्यास कर हो," एवढं म्हणाले.

होबाई दाराकडे बघत राहिली.

"वाईट वाटलं?" मावशींनी विचारलं.

"जरासं."

"वाटू दे. देवाचं गाणं तुझ्यावाचून अडत नाही. तुझा पेपर मात्र तुझ्यावाचून कुणी लिहिणार नाही."

होबाई बाकावर बसली. नखाने पुस्तकाचा कोपरा खरवडू लागली. मग म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते. परत नापास झाले तर आईला काय सांगू? काम करत असले की ही भीती आठवत नाही. म्हणून मी कामं शोधते."

"हे देवाला सांगितलंस?"

"नाही. मामाचा गुडघा सांगितला."

मावशींना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड लपवलं. बादली बाजूला सरकवून त्या तिच्याशेजारी बसल्या. होबाईने डोळे मिटले. "प्रभू, मला भीती वाटते. बसायचं बळ दे. आमेन." तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात आखूड प्रार्थना. डोळे उघडले तेव्हा भीती गेली नव्हती, पण कुठे आहे ते दिसत होतं, आणि त्यामुळे ती थोडी लहान वाटत होती. ती परत यकृताकडे वळली. पित्त कशाला लागतं यावरून मावशींनी तिला अर्धा तास छळलं.

चौदा रांगा संपल्या, मग परत पहिलीपासून. शनिवारच्या लग्नात गायनवृंद तिच्याशिवाय गायला. टपालवाल्याच्या मुलीचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो, हे होबाईने समाधानाने ऐकलं, आणि मग त्या समाधानाची लाज वाटून लगेच क्षमाही मागून टाकली.

पेपरात मूत्रपिंडावर एका गुणाचाही प्रश्न नव्हता. ज्याच्यासाठी मावशी पाऊण तास उभ्या राहिल्या होत्या, तेच वगळलेलं. पण हृदय आलं, यकृत आलं, आणि लिहिताना तिला पुस्तकाची पानं आठवत नव्हती. मावशींचे प्रश्न आठवत होते. "मग झडप कशाला? उलट का नाही वाहत?" ती एकेका प्रश्नाचं उत्तर कागदावर उतरवत गेली आणि शेवटची घंटा झाली तेव्हा शेवटच्या उत्तराच्या दोनच ओळी लिहायच्या राहिल्या होत्या.

निकाल लागला, शंभरपैकी अठ्ठावन्न गुण मिळाले. भावाने दोनदा तपासून पाहिलं. आईने इस्त्री होती तिथेच ठेवली आणि लेकीला जवळ घेतलं, मग एकदम वळून जळत आलेली कॉलर वाचवली. गेल्या वर्षीच्या जिराफांची गोष्ट होबाईने त्याच दिवशी सांगून टाकली. आई म्हणाली, "मला ठाऊक होतं. कपड्यांना चिठ्ठ्या लावायची गोंदाची बाटली माझ्याच दुकानातली गेली होती."

दुपारी ती चर्चमध्ये गेली. मावशी चर्चच्या पाळकांना दारातच गाठून, दिवसाकाठी पाणी किती प्यावं आणि का प्यावं, हे समजावून सांगत होत्या. पाळक बिचारे मान डोलवत होते.

"पास झाले," होबाई म्हणाली.

"ठीक. आता पुढचा विषय?"

"औषधशास्त्र. सोमवारी कॉलेजातली चाचणी आहे."

मावशी बादली आणायला गेल्या.