बाईंनी माझ्या हातात दिलेला फ्यूज

नागपूरच्या दवाखान्यातून बाईंचा मुलगा दुपारच्या बसनं आला आणि चप्पल न काढताच ओसरीत उभा राहिला, तेव्हाच मी समजले. बाई गेल्या. बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. खोटं कशाला सांगू... मला आधी हायसं वाटलं. सहा वर्षं ज्या एका प्रश्नाची मी धास्ती घेतली होती, तो आता त्या विचारणार नव्हत्या. रडणं नंतर, बायका जमल्यावर, त्यांच्यासोबत.

मोहगावजवळ आमचं शेतातलं घर. दोन भाऊ, मधे एक भिंत, मीटर मात्र एकच आणि तेही बाईंच्या बाजूला. विहिरीवरच्या मोटारीची लाइनही तिथूनच गेलेली. संत्र्याची झाडं अर्धी त्यांची, अर्धी आमची, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. उन्हाळ्यात पाणी हुकलं की कोवळी फळं टपाटपा गळायची, आणि वर्षभराचं घर त्या फळांवर. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत वारा सुटला की लाइन गेलीच, गारा पडल्या तर आठ-आठ दिवस तारा जमिनीवर. त्याची सवय होती. पण एका उन्हाळ्यात माझ्या ध्यानात आलं, आमची लाइन वारा सुटायच्या आधीच जाते. नुसतं आभाळ भरून आलं की गेली! आणि पलीकडच्या मळ्यातला बल्ब मात्र खुशाल जळतोय.

माझा स्वभाव संशयी, अगदी माहेरपासून. आधी मी त्या मळेवाल्यावर संशय घेतला, मग वायरमनवर, मग बाईंवर. आमच्याच पाळीला बरी नेमकी जाते! त्यांच्या पाळीलाही जायची, पण ते मी ध्यानातच घेतलं नाही. आमची झाडं वाळवून बगीचा गिळायचा यांचा डाव, असं सगळं मी मनातल्या मनात रचलं. नवरा वैतागला. "काऊन डोकं पिकवून राहिली? बाई काय इजेची मालकीण हाय?" मी पाळत ठेवली. एका दुपारी ढग आले तशा बाई स्टुलावर चढल्या, बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज उपसला आणि पोह्यांच्या डब्यात दडवला. चिखल सुकल्यावर गुपचूप परत लावला.

तेव्हाच बाईंना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बाईंच्या नवऱ्याशी, धाकटी सून समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, गाईला सांगायचं, त्यांनी ऐकायचं. पुढच्याच आठवड्यात गारा पडून गेल्या. मळ्यातला बल्ब लागलेला, आमच्याकडे अंधारच, आणि पाळी आमची. भासरे ओसरीत लाइनची वाट पाहत बसलेले. मी गाईपुढे कडबा टाकला आणि ठसक्यात म्हणाले, "लाइन काही गेली नाही वं माय, फ्यूज पोह्याच्या डब्यात जाऊन बसला!"

ते उठले. आत डब्याचं झाकण वाजलं. लाइन आली की व्होल्टेज पडायच्या आत मोटार लावायची, म्हणून पाळी कोणाचीही असो, अनवाणी पळत सुटायची त्यांची जुनी खोड. ओल्या मोटारघरात दोनदा झटका खाऊन हसत परत आलेले. बाई त्यालाच भीत होत्या. फळं गळाली तरी गळोत, म्हणून त्या फ्यूज लपवत होत्या. हे मला कळलं तेव्हा भासरे मोटारघराच्या दारात पडलेले होते. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं आकसली ती कायमची.

"हात गेला, माणूस राह्यला," असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोज सकाळी ओसरीत त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून देत, आणि मी इकडून बाईंचं तोंड न्याहाळायची. यांनी माझं बोलणं ऐकलं असेल का, 'तूच सांगतलं न?' म्हणून विचारतील का? त्या वेळी चुलीपाशी होत्या, की मागच्या अंगणात? भासरे तर डाव्या हातानंही मोटार लावायला निघायचे. त्यानंतरचं पहिलं आभाळ आलं तेव्हा बाई फ्यूज काढून थेट माझ्या दारात आल्या. "सुमन, ठेव तुह्याजवळ," एवढंच म्हणाल्या. मग दर आभाळाला तेच. मला त्यातही डाव दिसायचा. टोचताहेत? शिक्षा देताहेत? त्यांनी वाटीभर भाजी पाठवली तरी आज काय मनात आहे म्हणून मी विचार करत बसायची. सहा वर्षं मी त्या माउलीला तपासत काढली, आणि मला त्याची फार लाज वाटते.

परवा दुपारी ढग आले. सवयीनं मी दाराशी जाऊन उभी राहिले... कोण येणार होतं? मग मीच पलीकडे गेले आणि फ्यूज काढला. भासरे बाजेवर बसले होते. मी पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले.

"भाऊजी, त्या दिशी गाईपाशी मी बोलली, ते बाईले माहीत होतं?"

ते दचकले. "मीच सांगतलं तिले. दवाखान्यात, पह्यल्याच दिशी."

"मंग माह्याजवळ काऊन देत होत्या?"

"मी बी इचारलं. तं म्हणे, सुमनजवळच राहू द्या. आता तिच्याएवढं भेव या घरात कोणालेच नाही. ती मरन, पण तुमाले फ्यूज देनार नाही."

मी फ्यूज मुठीत धरून घरी आले, आणि आभाळ निवळेपर्यंत एकटीच बसून रडले.