आठ गिलास पाणी

मैत्रिणींनो, दुपारपासून कशातच लक्ष लागेना, म्हणून इथं लिहितेय.

लातूरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. खोकताना, हसताना लघवी गळते अशा बायांवर आमच्याकडं संशोधन चालू आहे. त्यांना आम्ही व्यायाम शिकवतो आणि एक वही देतो. किती पाणी पिलं ते रोज लिहायचं, आणि गळलं की फुली मारायची.

आज चाकूरकडच्या कौसाबाई आल्या. नाव बदललंय. साठीच्या असतील. मागच्या महिन्यात वहीत रोज पाच-सहा फुल्या होत्या, या महिन्यात एकही नाही! मी हरखून म्हणाले, "मावशी, व्यायामानं कमालच केली की!"

"व्यायाम कुठला, बाई. पाणी पिणंच सोडलंय मी. टँकर आठ दिसाला येतोय. गळलं की लुगडं धुवावं लागतंय. सुनंला घागर कोणत्या तोंडानं मागू?"

"मग वहीत रोज आठ गिलास लिहिलेत ते?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, आठ प्यायचे म्हणून. तुमचं मन मोडू वाटंना."

त्यांचे ओठ फुटले होते. मी माझ्या बाटलीतलं पाणी गिलासात ओतून पुढं केलं. त्यांनी गिलास हातात धरला, बघितला आणि खाली ठेवला. "नको. यष्टीत गळंल."

त्या गेल्या. त्यांचा संशोधनाचा फॉर्म अजून माझ्यासमोर आहे. त्यावर दोनच चौकोन आहेत: सुधारणा आहे, सुधारणा नाही.

सांगा, कुठं खूण करू?