बिअरच्या जेवणात नाना उपाशी

नानांना जाऊन आज वर्ष झालं, आणि मला सकाळपासून हसू येतंय.

रडायचं ते तेव्हाच रडून घेतलं. आज फक्त त्या जेवणाबद्दल लिहिते.

नाना म्हणजे माझे सासरे. नामपूरचे. उभा जन्म कांद्याच्या व्यापारात गेला. सुपारीचंही व्यसन नाही.

आणि त्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर सागर, नाशिकला बिअर बनवतो. रीतसर शिकून, नोकरी म्हणून.

घरात हा विषय निघाला की नाना पंख्याकडे बघायचे. गावात कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "फूड कंपनीत हाय."

सागरला हे माहीत होतं. तो हसून सोडून द्यायचा. पण मी त्याची वहिनी आहे, मला त्याचं हसू कळतं.

मग त्याच्या कंपनीने बिअर पेअरिंग डिनर ठेवलं. प्रत्येक पदार्थासोबत वेगळी बिअर, आणि सगळ्या बिअर सागरच्या. त्याने नानांना फोन केला, "नाना, माझा कार्यक्रम आहे. घरचे सगळे या."

आम्हाला वाटलं, नाना काहीतरी कारण काढणार.

नाना आले. पांढरे कपडे, इस्त्रीची टोपी, खांद्यावर उपरणं. सासूबाईंना पैठणी नेसायला लावली.

मी म्हटलं, "नाना, लग्नाला नाही चाललो आपण."

"कार्यक्रम हाय ना?" एवढंच बोलले.

तिथे गेल्या गेल्या सागरला विचारलं, "मानसं किती येनार? पुरंल ना समद्यांना?" सागर म्हणाला पुरेल. मग येऊन बसले.

पहिल्यांदा आला साबुदाणा वडा, सोबत गव्हाची बिअर. वडा एवढुसा की सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, "उपासालाबी पुरायचा नाय."

त्यांनी स्वतःसाठी सरबत मागवलं होतं. पण प्रशांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ग्लासाचा वास दोनदा घेतला. मी पाहिलंय, आई. नाही म्हणू नका.

नानांनी वड्याला हात लावला नाही. ग्लासालाही नाही.

वेटर विचारायला आला, "सर, आवडलं नाही का?"

"ऱ्हाऊ द्या."

तो बिचारा प्लेट घेऊन गेला. कांदाभजी आली, तशीच परत गेली. कांद्याच्या व्यापाऱ्याने भजी परत पाठवली! प्रशांत माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

मटण आलं. काळी बिअर आली. नाना मांडीवर हात ठेवून सगळ्या हॉलकडे बघत बसलेले.

सागर काउंटरमागून हे सगळं बघत होता. मी हॉलच्या कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेले तर मागून आला.

"वहिनी, पाण्याचा घोटसुद्धा नाही घेतला त्यांनी. मीच मूर्ख. बोलवायलाच नको होतं."

मलाही तेच वाटत होतं. आतून नानांचा रागही आला होता. पोराच्या कौतुकाच्या दिवशी एवढा कसला हट्ट?

आणि तेवढ्यात नाना उठले. टोपी सारखी केली.

प्रशांत दचकला. "नाना, कुठे निघालात?"

मला वाटलं, झालं. आता थेट पार्किंगमध्ये.

नाना शेजारच्या टेबलापाशी थांबले. तिथे एक तरुण जोडपं होतं. नानांनी त्यांच्यासमोर चक्क हात जोडले.

"सावकाश होऊ द्या मंडळी. काय कमी पडलं तर मागून घ्या. लाजू नका."

मग पुढचं टेबल. मग त्याच्या पुढचं. लग्नात मुलीचा बाप पंगतीतून फिरतो ना, अगदी तसे. एका काकांच्या रिकाम्या प्लेटकडे बघून वेटरला म्हणाले, "यांना भजी वाढा."

वेटर गोंधळला. पण भजी आणली.

त्या जोडप्यातल्या मुलीने हसून विचारलं, "अंकल, तुम्ही ओनर आहात का?"

नाना म्हणाले, "नाय बेटा. ही बियर ज्यानं बनवली, त्याचा बाप हाय मी."

बेसिनपाशी सागर तसाच उभा. मी त्याला हाताने पुढे ढकललं.

"नाना... तुम्ही जेवला का नाहीत मग?"

नानांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू पोरगं अजून दुसरीत आहे, आणि थेट घरच्या अहिराणीवर आले.

"येडा शे का तू? कार्यक्रम आपला. घरधनी पहिले जेवस का?"

सगळे पाहुणे उठल्यावर नाना जेवले. सागर, आचारी आणि वेटर यांच्यासोबत. सगळे पदार्थ एकाच ताटात वाढून घेतले. मटणाशेजारी गुलाबजाम. सागरची सगळी पेअरिंग गेली पाण्यात, आणि तो हसत होता, डोळे पुसत होता.

शेवटी काळ्या बिअरचा एक घोट घेतला. चेहरा असा केला की सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या.

"कशी आहे?" सागरने विचारलं.

"कडू शे." मग ग्लास पुढे केला. "वत आजून थोडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या नाशिकच्या घराच्या गॅलरीत फोनवर होते. कमी ऐकू यायचं, म्हणून स्वतःच ओरडून बोलायचे. पलीकडे गावातले त्यांचे जुने मित्र होते. किचनमध्ये सागर तोंडात ब्रश धरून ऐकत उभा होता.

"धाकलाना कार्यक्रमले गयथू रे! फूड कंपनी नही, बियर बनाडस तो. बियर!"

पलीकडून काहीतरी टोमणा आला असावा.

नाना आणखी मोठ्याने म्हणाले, सगळ्या सोसायटीने ऐकलं.

"दारू म्हन नही ते बियर म्हन. पोऱ्या मना शे!"

दारू म्हणा नाहीतर बिअर, पोरगा तुमचाच. नाना, तुमच्या थोरल्या सुनेचा वाकून नमस्कार.