लेकीला शिबिरातून लवकर आणलं

मंडळी, आज मी मोठी चूक करून बसलेय.

आमची सई सातवीत आहे. पहिल्यांदाच घर सोडून महाबळेश्वरजवळच्या उन्हाळी शिबिराला गेली होती. काल तिचा रडत फोन आला, "आई, मला न्यायला ये." माझा जीव थाऱ्यावर राहीना.

सासरे फौजेतून रिटायर झालेत. ते म्हणाले, "आगं, भरती झालेलं पोरगं बी पयल्यांदा रडतंच. म्हणून त्येला कुणी माघारी आणतं व्हय?" मी ऐकलं नाही. सकाळीच फलटणहून गाडी काढली.

पोचले तर सई चुलीपुढं. गालाला राख, हाताला पीठ. आज जेवणाची पाळी तिच्या गटाची होती. घरी पाणीसुद्धा जागेवर मागणारी पोर मैत्रिणीला सांगत होती, "जाळ कमी कर गं, भाकरी करपंल."

मला बघून तिचा चेहराच उतरला. "आई, काल रडले. आज न्हाई गं रडत. राहू दे ना."

पण मी एवढ्या लांबून आले होते. आणि खरं सांगू? माझ्यावाचून तिला करमलं, हेच मला लागलं. बॅग भरायला लावली.

घरी तिच्या हाताचं वाळलेलं पीठ बघून आजोबांनी विचारलं, "भाकरी जमली का गं?"

"तव्यावरच राहिली," म्हणाली आणि आत जाऊन रडायला लागली.

तिकडं तिचं रडणं थांबलं होतं. मग करमत कुणाला नव्हतं हो, तिला की मला?