ज्याच्या त्याच्या गावच्या ओळीत

प्रत्यक्ष ब्रह्मदेव जरी गाडी घेऊन मुरुमच्या बाजारात आला, तरी आमच्या आत्याचे यजमान त्याला आधी “गाव कंचं?” असंच विचारतील, आणि उत्तर पटल्याशिवाय गाडी आत घेणार नाहीत.

आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. भर बाजारपेठेत, कडुलिंबाखाली, त्यांचा गाडीतळ आहे. धंदा तीन पिढ्यांचा. मामांच्या आजोबांच्या काळी बाजाराला आलेल्या बैलगाड्या तिथं सुटायच्या. परगावचे बैल शेजारी आले की झुंज ठरलेलीच, म्हणून आजोबांनी गावाप्रमाणे ओळी पाडल्या. वडिलांच्या काळी बैल गेले, सायकली आल्या, ओळी राहिल्या. मामांच्या काळी मोटारसायकली आल्या, चारचाकी आल्या, तरी ओळी त्याच. सायकल शिंग मारत नाही, ही गोष्ट त्या घराण्यात कुणी कुणाच्या कानावर घातलीच नसावी.

कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून मामा सकाळी तळावर उभे राहिले की त्यांच्या तोंडी ‘गाडी लावा’ हे शब्द येत नाहीत. ते ‘गाडी बांधा’ म्हणतात. नवीकोरी मोटारसायकल आली की तिला ओळीच्या टोकाला जागा. “नवं खोंड हाय, बुजंल.” धडधडणाऱ्या बुलेटला भिंतीकडेला. “मारकं हाय ते.” एकदा नागपूरकडचे एक बँकेतले साहेब आले. त्या बाजूची ओळ कुठून आणणार? मामा पेचात पडले. गाडी तशीच रस्त्यात, मागून हॉर्न वाजतायत, आणि मामा शांतपणे साहेबांची सोयरीक काढतायत. शेवटी साहेबांच्या बायकोचं माहेर जवळचंच आलूर निघालं. मामांचा चेहरा उजळला. “मग अगुदर सांगायचं न्हवं का? जावई माणूस! आलूरच्या ओळीत बांधा, सावलीला.” साहेब बदली होईपर्यंत सासुरवाडीच्या ओळीत गाडी लावत होते.

आम्ही या सगळ्याला हसायचो. मग समोर नवं पार्किंग झालं. वर पत्र्याचं छप्पर, खाली फरशी, दारात चिठ्ठी देणारं यंत्र. मिळेल त्या जागी गाडी लावा आणि चालू लागा. बघता बघता मामांच्या ओळी ओस पडल्या. आत्या म्हणाली, “लई झालं. बंद करा आता. जागा भाड्यानं द्या.”  मामा सकाळी उठून रिकाम्या ओळी झाडत राहिले. आजोबांचा तळ आपल्या हातून मिटणार, हे त्यांनी मनोमन धरलं होतं, आणि आत्याला ते पाहवत नव्हतं.

पुढचं मी आत्याकडूनच ऐकलं. एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळच्या एसट्या आल्याच नाहीत. भरल्या पिशव्या घेऊन बायाबापड्या सवयीनं मामांच्या तळावर आल्या. एसटी चुकली की आपल्या गावच्या ओळीत जाऊन उभं राहायचं, गावचं कुणीतरी घेऊन जातं, हा तिथला जुना रिवाज. पण ओळीत गाडीच नव्हती. मामा उठले, त्या सगळ्यांना घेऊन समोर गेले आणि नव्या पार्किंगच्या दारात उभे राहून हाळी घालू लागले, “बेळंबचं कोन हाय? आलूरचं कोन?” माणसं चिठ्ठ्या हातात धरून पुढं आली आणि आपल्याच गावच्या माणसांकडं बघत राहिली. कुणाच्या मागं म्हातारी बसली, कुणाच्या टाकीवर पिशवी चढली. तिथल्या राखणदारानं स्वतःची खुर्ची मामांना दिली. दिवेलागणीपर्यंत एकही माणूस मागं राहिला नाही.

पुढच्या बाजाराला मामांच्या ओळी रस्त्यापर्यंत आल्या. आत्या सांगते, त्या दिवशी मामा जेवायलाही घरी आले नाहीत. लग्नघरच्या यजमानासारखे नुसते मिरवत होते. मला तर ऐकूनच इतका आनंद झाला की मी पुण्यात शेजाऱ्यांना पेढे वाटले. कशाचे पेढे, हे त्यांना समजावता समजावता पुरेवाट झाली.

परवा एका लग्नासाठी मुरुमला गेलो. मामा आता खुर्चीत बसूनच विचारतात. मला ओळखूनही विचारलं, “गाव कंचं?”

मी चेष्टेनं म्हणालो, “पुणे.”

“पुण्याची ओळ न्हाय हितं. आपल्या गावच्या ओळीत बांध. तुझे वडील सायकल बांधायचे, ती पैली जागा हाय बघ.”

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. जवळच्या गावातलं आमचं घर बंद आहे. मी गाडी तिथं नेली. लग्न आटोपून परत आलो, तेव्हा गाडीला टेकून एक म्हातारी उभी होती, हातात बाजाराची पिशवी. मला पुण्याला निघायची घाई होती.

“गावाकडंच चाललास न्हवं, लेकरा?” तिनं विचारलं.

मी दार उघडलं आणि म्हणालो, “व्हय.”