अडुसष्ट किलोची खात्री

छताला लोंबकळणारी बाई सहसा कुणाच्या पाहण्यात नसते. या बाईंना मात्र बांधकामावरच्या सगळ्या मंडळींनी लोंबकळताना पाहिलं होतं, म्हणून त्यांचं नाव पडलं वटवाघूळ काकू. तोंडावर नुसतं काकू आणि पाठ वळली की पूर्ण नाव. काकूंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

काम त्यांचं विजेचं, पण त्यातलं एकच. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मधोमध असतात आणि भिंती लांब राहतात. मग वीज एकतर जमिनीवरून न्यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी वायरीत पाय अडकून आपटायचं, नाहीतर वरून सोडायची. काकू वरून सोडत. स्लॅबमध्ये भोक, त्यात फुगून घट्ट बसणारा फास्टनर, त्याला हूक, हुकाला साखळी आणि साखळीच्या टोकाला दोन सॉकेटची पेटी. वायर साखळीच्या कडेने सैल उतरायची. भार साखळीने घ्यायचा, वायरने फक्त वीज आणायची. आणि मग, लाइन जोडण्याआधी, काकू घोड्यावर, म्हणजे चार पायांच्या उंच स्टुलावर, चढून पेटीच्या वर साखळी धरत, दोन्ही पाय उचलत आणि दहा मोजत.

ही रीत त्यांच्या वडिलांची. तेही वायरमन होते आणि फार बोलके नव्हते. पण एक गोष्ट त्यांनी लेकीच्या डोक्यात पक्की बसवली होती, की जे आपलं वजन झेलत नाही ते दुसऱ्याच्या डोक्यावर टांगायचं नाही. सव्वीस वर्षं काकूंनी तेच केलं. त्यांचं एकही सॉकेट कधी खाली आलं नव्हतं, आणि हे त्या छाती ठोकून सांगत. नम्रपणा त्यांच्या वाट्याला जरा कमीच आला होता, पण काम चोख असलं की लोक तेवढं चालवून घेतात.

मध्यंतरी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि काकू चार महिने घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, पलंगावरून नवऱ्याला सूचना देत राहिल्या. नवरा टेलर. शिडी आता सोड, असं तो एकदाच म्हणाला. त्यावर काकूंनी बजावलं होतं, "माझ्यात काही फरक पडलेला नाही. पुन्हा हा विषय नको." त्याने विषय काढला नाही. काकूंच्या कामाच्या सगळ्या पँटी मात्र त्याने बारीक करून दिल्या.

त्यानंतरचं हे पहिलं काम. पार्सल बांधणाऱ्या कंपनीचा नवा हॉल, बेचाळीस टेबलं, बेचाळीस लोंबते सॉकेट. वरचे दोन मजले अजून कोरे होते. पहिला मजला वेळेत झाला तर तेही काकूंचेच, असं मॅनेजरने सांगितलं होतं. पण हा मॅनेजर रोज तीनदा येऊन "काकू, झेपतंय ना?" असं विचारायचा, आणि काकू तर नाकावर माशीही बसू देत नसत. झेपतंय म्हणजे काय, त्या म्हणत, तुझ्या जन्माआधीपासून झेपतंय.

शुक्रवारी दुपारपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस टांगून झाले. काकू प्रत्येकाला लोंबकळल्या. एकही हूक हलला नाही. शनिवारी सकाळी काम सुरू व्हायचं होतं, म्हणून पॅकिंगवाल्या बायका आदल्या दिवशीच जागा धरायला आल्या होत्या. कुणी खुर्चीवर रुमाल टाकला, कुणी पिशवी. एका वयस्कर बाईंनी तर घरून उशी आणली होती, कंबरेसाठी. दाराजवळ पार्सलचा मोठा काटा नवाकोरा मांडला होता आणि त्यावर चढून एकमेकींना चिडवायचा कार्यक्रम जोरात चालला होता. काकूंनाही त्यांनी ओढत नेलं. किती छान बारीक झालात, आमचं नशीब कुठलं असं, वगैरे बोलणं चालू होतं. काकू हसत चढल्या.

काट्यावर आकडा आला एकावन्न.

बायका टाळ्या पिटत होत्या आणि काकू उतरून पुन्हा चढल्या, तरी एकावन्नच. ऑपरेशनच्या आधी त्या अडुसष्ट किलो होत्या. आपण बारीक झालो हे काय त्यांना माहीत नव्हतं? आरसा होता, पँटी होत्या, शेजारणींची तोंडं होती. पण ज्या वजनाने आपण छत तपासतो ते वजन म्हणजे हेच शरीर, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती. हात सवयीने वर गेले, पाय सवयीने उचलले गेले, दहा मोजून झाले. सतरा किलो कमी पडत होते आणि सव्वीस वर्षांच्या नावाने ते भरून निघणार नव्हते. काकूंना स्वतःची लाज वाटली. फार क्वचित वाटायची, म्हणून जास्तच वाटली.

गप्प बसता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. काकू सरळ मॅनेजरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायच्याच बेतात होता.

"सही थांबव," त्या म्हणाल्या. "मी जे तपासलं ते धरू नकोस. माझं वजन उतरलंय आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. सगळे परत तपासायचे आहेत."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. पेटीचं वजन दीड किलो, त्याला कोण लोंबकळणार आहे, असा त्याचा हिशेब. काकूंनी त्याला समजावलं, की ट्रॉलीत वायर अडकते, कुणी स्टुलावरून तोल जाताना हाताला लागेल ते धरतं, आणि तेव्हा तो माणूस एकावन्न किलोचाच असेल असं थोडंच आहे. मग तो हळूच म्हणाला, की मालकांना हे कळलं तर आजारी बाईला काम का दिलं म्हणून मलाच विचारतील, आणि वरचे मजले मग विसरा.

"मग सांग त्यांना," काकू म्हणाल्या. "माझी चूक आहे, माझ्याच नावावर सांग."

पॅकिंगचा मुकादम चांगला भरभक्कम होता. मीच लोंबकळतो, चुटकीसरशी होईल, असं तो मनापासून म्हणाला. काकूंनी त्याला हात जोडले. आपल्या हुकाला दुसऱ्याचा जीव टांगायचा, तर मग वडिलांनी शिकवलं कशाला? त्यांनी एका पोत्यात चिकटपट्टीची रिळं भरली, काट्यावर सतरा किलो भरेपर्यंत. मग ते पोतं दोरीने पाठीला आवळलं आणि पहिल्या साखळीखाली घोडा लावला.

हे काही गमतीचं काम नव्हतं. दहाव्या सॉकेटला दंड भरून आले, विसाव्याला दोरी खांद्यात रुतली. बायकांची चेष्टा कधीच थांबली होती. त्या आता काकूंबरोबर दहा मोजत होत्या.

एकतिसाव्याला काकूंनी पाय उचलले, बायकांनी चारपर्यंत मोजलं आणि वर कर्र झालं. साखळी दोन बोटं खाली आली. डोळ्यांत सिमेंटची पूड गेली. काकूंचे पाय घोड्यावर टेकले तेव्हा हूक छतातून अर्धा बाहेर आला होता.

शिडी लावून त्यांनी पाहिलं. तिथे पूर्वी पाइप गेला असावा. भोक बुजवून वरून रंग दिला होता आणि फास्टनर नेमका त्या बुजवलेल्या मसाल्यात बसला होता. एकावन्न किलो त्याने गुपचूप झेलले होते. खाली टेबलाशी खुर्ची होती आणि खुर्चीवर ती घरून आणलेली उशी.

उशीवाल्या बाई पुढे आल्या. त्यांनी पाण्याची बाटली काकूंच्या हातात दिली. काकूंनी वीतभर बाजूला घट्ट स्लॅबमध्ये नवं भोक पाडलं, हूक बसवला, आणि त्याला दोनदा लोंबकळल्या. उरलेले अकराही झाले. मॅनेजर शेवटपर्यंत उभा होता. सही करताना त्याने झेपतंय का म्हणून विचारलं नाही. वरच्या मजल्यावर सोमवारपासून की मंगळवारपासून, एवढंच विचारलं.

काकू म्हणाल्या, "सोमवारी. हे पोतं मी घेऊन जाते, उद्या रिळं परत पाठवते."

घरी नवरा मशीनवर बसला होता. काकूंनी पोतं त्याच्यासमोर धाडकन टाकलं आणि खुर्ची ओढली.

"अहो, फरक पडलाय," त्या म्हणाल्या. "सतरा किलोचा. मला पाठीवर घेण्यासारखी एक जाड पिशवी शिवून द्या. मी तिच्यात वाळू भरीन. पट्टे रुंद ठेवा, दोरीने खांदे सोलवटले."

त्याने खांदे पाहिले. शिडी सोड, असं तो या वेळी म्हणाला नाही. टेप घेऊन त्याने पाठीचं माप घेतलं आणि कागदावर लिहिलं. मग काकूंच्या पँटीची कड उलटी करून त्यांना दाखवली. आत चांगलं तीन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"कापलेलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा अंगाने भरलीस की एक टीप उसवायची, पहिलं माप. पिशवी तोपर्यंतच लागेल तुला."