स्कॅनरची वायर आणि माझा हात

बाळांनो, तुमचे बाबा सांगतात तशी मी रागीट नाही. पण एक राग मी चार महिने नीट जपून ठेवला होता. तो कुठं वापरला, ते माझ्याकडूनच कळलेलं बरं.

पणजीच्या पाककृतींच्या वह्या मी तुमच्यासाठी स्कॅन करत होते. दर दोन-तीन दिवसांनी कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची आणि सगळं ठप्प. औरंगपुऱ्यातल्या ज्या दुकानातून बाबांनी तो घेऊन दिला, तिथं नेला. दुकानदार भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "मावशी, मशिनीत काय बी खराबी नाय. तुमचा हात कापतो, भलतंच बटन दाबलं जातं. आता जपमाळ घ्या हातात." गिऱ्हाइकं हसली. वर त्यानं बाबांनाही फोन करून तेच सांगितलं.

"आई, पुरे आता," बाबा म्हणाले. "दिवाळीला आलो की तो डबा काढून टाकू."

म्हणजे वह्या अर्ध्यावरच राहणार. माझा हात कापत नाही. रांगोळीची रेघ मी अजून एका दमात ओढते.

मी नोंदींसाठी वेगळी वही सुरू केली: दिवस, वेळ, बंद पडण्याआधीची शेवटची कृती. पडद्याचे फोटो काढले. अकराव्या नोंदीनंतर लक्षात आलं, शेवटची कृती दर वेळी एकच होती. आपल्याकडे वस्तू वापरून झाली की वायर काढायची, गुंडाळायची, वर कपडा घालून कपाटात ठेवायची. मी स्कॅनरची वायर आधी काढत होते आणि स्कॅनिंगचा प्रोग्रॅम मागाहून बंद करत होते. कॉम्प्युटर चालवणारी ही सिस्टीम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर स्कॅनर वर्षभर जोडलेलाच असणार.

सिस्टीम फुकटातली, जगभरचे लोक मिळून लिहितात. त्यांना मी इंग्रजीत पत्र पाठवलं, फोटो आणि वहीची पानं जोडून. चौथ्या दिवशी एका बाईचं उत्तर आलं. वायर काढली की स्कॅनरसाठी राखलेली मेमरीतली जागा कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मोकळी करतो. पण प्रोग्रॅम बंद होताना पुन्हा त्याच जागेत लिहायला जातो. भाडेकरूनं खोली सोडावी आणि नवा माणूस राहायला आल्यावर जुन्या किल्लीनं आत शिरावं, तसं. प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सोडायचीच नाही, अशी सात ओळींची दुरुस्ती तिनं पाठवली. तिच्या सूचनांप्रमाणे मी ती बसवली आणि वीस वेळा वायर उपटली. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. दुरुस्तीच्या नोंदीत दोष कळवणारी आणि तपासणारी म्हणून माझं नाव लागलं.

ती नोंद मोठ्या अक्षरांत छापली आणि शनिवारी संध्याकाळी, दुकान भरलेलं असताना गेले.

"या मावशी, चहा सांगू?"

"चहा नको. हे वाचा. मोठ्यानं."

इंग्रजीत तो अडखळला. मी एकेक ओळ मराठीत सांगितली, पार मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशी.

"गलती झाली, मावशी."

"मला काय सांगता? ज्याला सांगितलं होतं त्याला सांगा."

त्यानं बाबांना फोन लावला. मी तो स्पीकरवर ठेवायला लावला.

"साहेब, मावशीचा हात एकदम बरोबर हाय. सिस्टीममधीच खराबी व्हती."

बाबा म्हणाले, "बरं आई, राहू दे कॉम्प्युटर."

"राहू दे? परवानगी मागायला फोन केलेला नाही."

"चुकलं माझं, आई."

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "रस्त्यावर फार आवाज आहे रे. परत बोल."